उशिरा पडणारा घोडा

नवं रिव्हॉल्व्हर पहिल्यांदा वाजलं ते स्वयंपाकघरात, चहाच्या टेबलावर, कुणाचाही हात त्याला लागलेला नसताना.

खरं म्हणजे ते मागच्या अंगणात वाजायला हवं होतं. ठोकाकांनी तिथे जाऊन, दंड कानाला लागेल इतका हात सरळ वर करून, रीतसर चाप ओढला होता. काहीच झालं नाही. त्यांनी रिव्हॉल्व्हर खाली घेऊन उलटसुलट पाहिलं, हलवून पाहिलं, टिचकी मारून पाहिली आणि खट्टू होऊन ते घरात आले. रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं, कपबशी पुढे ओढली, पहिला घोट घेतला आणि 'ठो' झाला. काकूंच्या हातातलं दुधाचं पातेलं ओट्यावर आडवं झालं. काकांचा घोट नाकावाटे परत आला.

"मेले असते मी आत्ता," काकू छातीवर हात ठेवून म्हणाल्या.

"गोळी नसते त्यात. नुसता आवाज असतो."

"मग आवाजानं मेले असते. जुनं काय वाईट होतं?"

जुनं वाईट नव्हतं, पण थकलं होतं. ठोकाका आठवडाभर कचेरीत जावक टपालावर शिक्के मारत आणि रविवारी मैदानावर लाल कोट घालून शर्यती सोडत. कचेरीत त्यांना कुणी हिंग लावून विचारत नसे. नवीन आलेल्या साहेबांनी तर त्यांना शिपाई समजून दोनदा पाणी मागितलं होतं, आणि काकांनी ते आणूनही दिलं होतं. पण मैदानावर त्यांनी हात वर केला की मांडवातले पाहुणेसुद्धा बोलायचे थांबत. 'ठोकाका' हे नाव पळणाऱ्या पोरांनीच पाडलेलं होतं. पाळण्यातलं नाव आता फक्त काकूंना आठवत असे, तेही रागावल्यावर.

हे सगळं धोक्यात आलं ते मैदानी मंडळाच्या चिटणिसांमुळे. त्यांनी बैठकीत विजेवर चालणारा भोंगा आणून ठेवला आणि म्हणाले, "बटण दाबलं की पोंऽ. शिकायला नको, सवरायला नको. कुणीही दाबावं." त्यातलं 'कुणीही' काकांना फार लागलं. जन्मात पहिल्यांदा ते बैठकीत उभं राहून बोलले, आणि बोलताना त्यांचा आवाज इतका कापला की सभासदांनी घाबरून रिव्हॉल्व्हरच्या बाजूनं हात वर केले. ठरलं ते असं, की ठोकाकांच्या पसंतीचं नवं रिव्हॉल्व्हर मागवायचं. येत्या रविवारच्या स्पर्धांत ते नीट चाललं तर उत्तम. त्यानं नखरे केले तर भोंगा. आणि भोंगा आला की लाल कोटाला डांबराच्या गोळ्या घालून कपाटात ठेवायचा, हे कुणी न सांगताही काकांना समजलं होतं.

त्यांनी ओट्यावरचं दूध पुसलं, रिव्हॉल्व्हर घेऊन पुन्हा अंगणात गेले आणि दुखणं कुठे आहे ते शोधून काढलं. चाप ओढला की मागचा घोडा पडायला हवा आणि आवाज व्हायला हवा. इथे चाप ओढला की घोडा निम्म्यावर अडून बसे आणि पुढे त्याच्या मनाला येईल तेव्हा पडे. कधी लगेच, कधी दोन श्वासांनी, कधी माणूस तो विषय विसरून गेल्यावर.

हे चिटणिसांच्या कानावर जाऊन उपयोग नव्हता. काकांनी दार लावून घेतलं आणि खोक्यावरच्या नंबरवर कंपनीला फोन लावला.

"तक्रार विभाग. बोला सर," पलीकडून एक बाई गोड आवाजात म्हणाल्या.

"नवीन रिव्हॉल्व्हर घेतलंय तुमचं. शर्यतीचं. बिघडलंय."

"आवाज येत नाही का?"

"येतो."

"मग तक्रार काय आहे सर?"

"उशिरा येतो."

पलीकडे कीबोर्डची खटखट झाली आणि थांबली. "सर, माझ्याकडे 'आवाज येत नाही' आहे, 'आवाज आपोआप येतो' आहे, 'मूठ तुटली' आहे. 'उशिरा' नाहीये. किती उशिरा येतो?"

"ताई, ते सांगता आलं असतं तर तेवढं आधी ओढलं असतं ना."

हे बाईंना पटलं असावं. त्या म्हणाल्या, "असं करा, आत्ता फोनवरच वाजवून दाखवा."

काकांनी दोन काडतुसं भरली, फोन खिडकीत ठेवला, हात वर केला आणि मनात म्हणाले, आता नको वाजूस बाबा, थोडा वेळ तरी नको. चाप ओढताक्षणी असा खणखणीत ठो झाला की समोरच्या झाडावरचे सगळे पक्षी उडाले.

"एकदम वेळेवर," बाई कौतुकानं म्हणाल्या. "सर, सुरुवातीला हात बसायला वेळ लागतो. होतं असं."

हात बसायला. काकांचा हात बसून कित्येक वर्षं झाली होती, ज्यांच्या शर्यती त्यांनी सोडल्या त्यांची मुलं आता पळत होती. अपमान गिळून त्यांनी विचारलं, की मग करायचं काय? बाई म्हणाल्या, कारखान्यात पाठवा, तिथे तपासतील, कुरिअरनं आलं तरी चालेल.

कुरिअरच्या दुकानात दुपारी बरीच गर्दी होती. काउंटरवरच्या माणसानं खोकं उघडलं आणि तो एक पाऊल मागे सरकला.

"हे काय आहे?"

"खेळाचं आहे. शर्यत सोडायचं."

"भरलेलं नाही ना?"

"छे हो. हे बघा," असं म्हणून काकांनी त्याच्यासमोर चाप ओढला. काही झालं नाही. माणूस निर्धास्त झाला. त्यानं रिव्हॉल्व्हर कागदात गुंडाळलं, चिकटपट्टी लावली, पुडकं काट्यावर ठेवलं, आणि वजनाचा आकडा येण्याआधी ठो झाला. फोनवर दाखवायला भरलेल्या दोनांपैकी एकच वाजलं होतं, हे काकांना त्या क्षणी आठवलं. रांगेतली माणसं कुठल्या कुठे आडवी झाली. एक बाई दुसऱ्याच कुणाच्या तरी पार्सलला मिठी मारून बसली. काउंटरवरचा माणूस खाली बसला होता, तो तिथूनच म्हणाला, "काका, हे घेऊन जा. आणि परत येऊ नका. तुम्हाला पत्र पाठवायचं असेल तरी येऊ नका."

घरी येईपर्यंत काकांना दरदरून घाम फुटला होता. त्यांनी पुन्हा फोन लावला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, की मग व्हिडिओ पाठवा.

व्हिडिओ काढायचं काम काकूंकडे आलं. पुढचे सगळे दिवस कचेरीतून आल्यावर काका अंगणात हात वर करून उभे राहत आणि काकू मोबाईल धरून समोर. मोबाईल चालू असला की रिव्हॉल्व्हर चाप ओढताच वाजे. बंद केला की रुसून बसे.

"लोकांसमोर शहाण्यासारखं वागतंय," काकू म्हणाल्या. "तुमच्या धाकट्या बहिणीसारखं."

"तुम्ही नुसतं धरा."

"धरलंय की. पण एक विचारू? वाजतंय ना ते? मग त्या चिटणिसाच्या नाकावर टिच्चून वाजवा रविवारी. लगेच वाजलं तर वाजलं."

"आणि नाही वाजलं तर?"

काकूंनी पदरानं मोबाईलची काच पुसली. त्यांनी मोबाईल पुन्हा वर केला. नवऱ्याला त्या रोज बोलून घेत, पण तो रविवारी सकाळी लाल कोटाची बटणं लावताना कसा दिसतो हे फक्त त्यांनीच पाहिलेलं होतं. तो कोट कपाटात गेला तर हा माणूस घरात कसा वावरेल, ही काळजी त्यांनाही आतून लागली होती.

शेवटी एकदाचा घोडा कॅमेऱ्यासमोर अडला. काका हात वर करून उभे राहिले. उभे राहिले आणि उभेच राहिले. शेजारची मांजर कुंपणावरून आली, काकांकडे पाहून बसली आणि कंटाळून निघून गेली. काकूंचा हात भरून आला, त्यांनी मोबाईल बंद केला, आणि ठो झाला. तरी काकांनी तोच व्हिडिओ पाठवला. दुसऱ्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं: 'आपला व्हिडिओ मिळाला. त्यात आपण बराच वेळ हात वर करून उभे आहात. त्यामागचा हेतू कृपया कळवावा.'

काकांनी हेतू कळवला. कळवताना त्यांनी जरा कडक शब्द वापरले, मग घाबरून ते खोडले आणि शेवटी 'कळावे, लोभ असावा' असं लिहून पाठवलं. त्याला काही उत्तर आलं नाही, आणि रविवार मात्र आला.

त्या दिवशी कोटाची बटणं काकूंना लावावी लागली, काकांनी ती दोनदा चुकीच्या काजांत घातली होती. मैदानावर चिटणीस खुर्चीत बसले होते आणि त्यांच्या मांडीवर, लहान मूल घ्यावं तसा, भोंगा होता. "काही नाही, आपलं असू द्यावा जवळ," ते हसून म्हणाले.

पहिलीच शर्यत मोठ्या मुलांची. सगळी मुरलेली पोरं, दरवर्षी बक्षिसं नेणारी. काका म्हणाले, "जागेवर." पोरं वाकली. "तयार." पाठी वर आल्या. काकांनी देवाचं नाव घेतलं आणि चाप ओढला.

घोडा अडला. आणि त्याच क्षणी चार पोरं सुसाट सुटली.

आवाज झालेलाच नव्हता. दहा पावलांवर पोरांच्या ते ध्यानात आलं आणि ती एकमेकांवर आदळत थांबली. मग ठो झाला. पाहुणे हसले. पंचांनी चौघांना बाद केलं आणि उरलेल्यांना पुन्हा उभं केलं. काका मनात म्हणाले, संपलं. त्यांना चिटणिसांकडे बघायचा धीर होईना. दुसऱ्या शर्यतीत तसंच झालं. चाप ओढला, आवाज नाही, तिघं पळाले, तिघं बाद. पोरं रडकुंडीला आली, त्यांचे शिक्षक पंचांशी भांडायला लागले, आणि काका भर मैदानात हात वर करून, आता ही धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असा विचार करत उभे राहिले.

तिसऱ्या शर्यतीपासून मात्र कुणी हललं नाही. काका चाप ओढत, आणि पोरं वाकलेली, गप्प, जमिनीकडे डोळे लावून थांबत. कधी आवाज लगेच होई, कधी तीन श्वासांनी. एकदा तर इतका वेळ लागला की एका पोरीला शिंक आली, तिनं ती दिली, पुन्हा वाकली आणि मग ठो झाला. तरी एकही पाय रेषेपुढे गेला नाही. संध्याकाळी शेवटची शर्यत सुटली तेव्हा काकांचा शर्ट कोटाच्या आत पिळून काढण्यासारखा झाला होता. चिटणीस भोंगा घेऊन त्यांच्याकडे येताना दिसले. काकांनी आपणहून कोटाचं वरचं बटण काढलं.

"हे कुठं शिकलात?" चिटणिसांनी विचारलं.

"काय?"

"अहो, इतकी वर्षं सांगावंसं वाटत होतं, पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. चाप ओढायच्या आधी तुमचा उजवा खांदा उडतो. अख्ख्या मैदानाला ठाऊक आहे. मुरलेली पोरं आवाज ऐकतच नाहीत, खांदा बघून पळतात. नवीन पोरं बिचारी मागं राहतात. भोंग्याचं मी त्यासाठीच काढलं होतं." चिटणिसांनी भोंगा दुसऱ्या बगलेत घेतला. "आज खांदा उडाला आणि आवाजच नाही. सगळी लबाडी उघडी पडली. आणि नंतर तर कुणाची हिंमतच झाली नाही. कमाल केलीत. भोंग्याचं बटण दाबतानाही अंगठा दिसतोच की. ते राहू द्या आता."

काकांना आनंद झाला आणि त्याच वेळी आत कुठेतरी काहीतरी तुटलं. इतकी वर्षं ते हात वर करून उभे होते आणि सगळं मैदान त्यांचा खांदा बघत होतं. घरी गेल्यावर ते आरशासमोर उभे राहिले आणि नुसतं बोट वाकवून पाहिलं. खांदा उडाला. पुन्हा पाहिलं. पुन्हा उडाला. काकू दारात उभ्या होत्या.

"तुम्हाला माहीत होतं?" काकांनी विचारलं.

"सह्या करतानासुद्धा उडतो," काकू हळूच म्हणाल्या. "लग्नातही उडाला होता. मला वाटलं, असेल तुमच्याकडे तसं."

त्या दिवसापासून काका रिव्हॉल्व्हरला मऊ कापडात ठेवू लागले. लवकरच चिटणीस घरी आले ते मोठ्या स्पर्धांचं बोलावणं घेऊन. कुठकुठले नावाजलेले खेळाडू येणार होते, आणि शर्यती सोडायला ठोकाकाच पाहिजेत असं वरून सांगून आलं होतं. काकू पाणी घेऊन आल्या, काकांच्या तोंडावर हसू मावेना, आणि तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

दारात एक बाई उभ्या होत्या. हातात खोकं, खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर प्रवासाचा शीण. "नमस्कार सर. तक्रार विभाग. फोनवर बोलायचो आपण, ती मी." त्या चपला काढता काढताच बोलायला लागल्या. "सर, मी माफी मागायला आलेय. तुमचा तो हात वर केलेला व्हिडिओ आमच्या कारखान्यातल्या मिस्त्रींना दाखवला. त्यांनी खेप तपासली. स्प्रिंगा खराब लागल्यात. तुमची तक्रार अगदी खरी होती. मी स्वतः नवीन घेऊन आलेय, जुनं द्या."

चिटणिसांनी भुवया वर केल्या. "कसली तक्रार?"

काकांचं धाबं दणाणलं. "काही नाही, असंच," ते म्हणाले. मग बाईंकडे वळून, "ताई, तुमची काहीतरी गफलत होतेय. माझं रिव्हॉल्व्हर उत्तम आहे."

"सर, तुम्ही मला रोज फोन करत होता."

"चौकशी म्हणून. माणसानं चौकशी करू नये?"

"अहो, ते दूध सांडलं तेव्हा—" काकूंनी सुरुवात केली. काकांनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की त्या उरलेलं वाक्य घेऊन स्वयंपाकघरात गेल्या.

बाई गोंधळल्या. बिघाड नाही म्हणून गिऱ्हाइकाला पटवायचं, हे त्यांचं रोजचं काम. बिघाड आहे म्हणून पटवायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. "सर, एकदा वाजवून दाखवता?" त्या अजिजीनं म्हणाल्या. "म्हणजे मला वरती सांगता येईल."

काका अंगणात गेले. मागोमाग बाई गेल्या आणि चिटणीसही गेले. काकांनी हात वर केला. आयुष्यात कुठल्याही शर्यतीच्या वेळी झाली नव्हती इतकी त्यांच्या छातीत धडधड होत होती. वाज रे बाबा, आत्ताच्या आत्ता वाज. त्यांनी चाप ओढला आणि ओढताक्षणी ठो झाला.

"बघा," काका म्हणाले.

बाईंनी खोकं बगलेत मारलं, काकूंचा आग्रह म्हणून अर्धा कप चहा घेतला आणि बुचकळ्यात पडलेल्या चेहऱ्यानं त्या निघून गेल्या. चिटणीसही मोठ्या स्पर्धांचं सगळं समजावून सांगून गेले. काकांच्या जिवात जीव आला. वाचलो, असं म्हणत ते अंगणात आले आणि केवळ हौस म्हणून त्यांनी पुन्हा एकदा चाप ओढला.

ठो.

ते जरा थांबले. पुन्हा ओढला. ठो. नवीन काडतुसं भरली. सावकाश ओढला, झटक्यानं ओढला, पाठ फिरवून ओढला, मोबाईल नाही याची खात्री करून ओढला. दर वेळी ठो, बोट वाकताक्षणी, घड्याळासारखा. स्प्रिंग वापरून वापरून सरळ झाली होती.

"अगंबाई, सुधारलं की हो," काकू खिडकीतून म्हणाल्या. "सुटलो एकदाचे."

काकांच्या डोळ्यांसमोर ते मोठं मैदान आलं. नावाजलेले खेळाडू वाकलेले, सगळ्यांचे डोळे त्यांच्या उजव्या खांद्यावर. त्यांनी पायात मिळतील त्या चपला घातल्या, त्यातली एक काकूंची होती, आणि ते रस्त्यानं धावत सुटले. बाई कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर खोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"ताई," काका धापा टाकत म्हणाले, "बिघडलंय."

"मला माहीत होतं सर," बाईंचा चेहरा उजळला. त्या खोकं उघडायला लागल्या. "काय होतंय?"

"वेळेवर वाजतंय."

बाईंचे हात खोक्यावरच थांबले. काका त्यांच्या शेजारी टेकले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. भोंगा, बैठक, लाल कोट, खांदा, लग्नातली गोष्टसुद्धा. कुणाला इतकं मोकळेपणानं काही सांगितल्याचं त्यांना आठवत नव्हतं. एक बस आली आणि गेली. बाई उठल्या नाहीत.

"कारखान्यात त्या काढून टाकलेल्या स्प्रिंगा एका डब्यात पडल्यात अजून," शेवटी त्या आवाज उतरवून म्हणाल्या. "मिस्त्रींना सांगून एक वाईटातली वाईट निवडून पाठवते."

काकांनी हात जोडले.

"पण सर, आधीच सांगते," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पुन्हा तक्रार विभागातल्यासारखा झाला. "हमी देता येणार नाही."

"कशाची?"

"ती बिघडलेलीच राहील याची."